मिसेस कर्णिक यांच्याकडचा डेमो

सेक्टर चार, आर. के. पुरम,
नवी दिल्ली.
२ नोव्हेंबर १९९८

चि. सौ. तेजूस,

आशीर्वाद. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुला नवल वाटेल. फोन असताना दिल्लीहून गुडगावला पत्र कोण लिहितं? पण आमचा फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत दिवसभर आई बसलेली असते. म्हणून पत्र.

तू ड्रायव्हरबरोबर पाठवलेली दिवाळीची टोपली पोचली. चॉकलेटं तुझ्या भावोजींनी संपवली. ती तपकिरी फळं, किवी, आईने चिकू समजून शेजारच्या मिसेस नायरना देऊन टाकली आणि वर सांगितलं, पिकायला तांदळात ठेवा. सिंगापूरचा सेंट अजून सीलबंद आहे. तो लावून बसने जायचं धाडस मला झालं नाही.

इकडे सगळं ठीक. थंडीची चाहूल लागल्यापासून आईचे गुडघे जास्त दुखतात. तुझे भावोजी डिसेंबरअखेर रिटायर होतील आणि मग हे क्वार्टर सोडावं लागेल. कांदा पन्नास रुपयांवर गेलाय, त्यामुळे कंपनीने आम्हाला बिनकांद्याचे पदार्थ शिकवायला सांगितलंय. जैन गिऱ्हाइकं एकदम खूश आहेत.

मी एका कंपनीच्या ऑफिसात लागलेय, एवढंच मी तुला उन्हाळ्यात सांगितलं होतं. ते ऑफिस म्हणजे साऊथ एक्सटेन्शनमधली शोरूम, आणि काम म्हणजे ज्यांनी मायक्रोवेव्ह घेतला त्यांच्या घरी जाऊन तो चालवून दाखवणं. हे तुला आता माहीतच आहे. पंधरा वर्षं होम सायन्स शिकवल्यावर हे काम सांगायला जड गेलं, म्हणून 'ऑफिस' म्हटलं. पण खरं सांगू, मला ते आवडतं. लोक गमतीदार असतात. राजौरी गार्डनच्या एका सरदारजींनी मशीन परत आणलं, कारण त्यात फुलका फुगत नाही. नोएडाच्या एका घरी तर मशीन बैठकीत, टीव्हीच्या वर, क्रोशाच्या रुमालाखाली. बाई म्हणाल्या, चालवायचा नाहीये, फक्त दाखवा कसा चालतो.

बघ, मी इकडचं तिकडचं लिहीत बसले.

पाडव्याला तुझा फोन आला तेव्हा मी तिथेच उभी होते. बोलणं झाल्यावर आईने रिसीव्हर ठेवला आणि म्हणाली, "तेजूच्या घराचं अजून राहिलंय. पाण्याचं कनेक्शन मिळत नाही म्हणते. मार्चपर्यंत मला तिथे राहायला नेईल."

त्या घरच्या नळाखाली मी तांदूळ धुतलेत, तेजू.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मॅनेजरने डेमोच्या चिठ्ठ्या वाटल्या. एका चिठ्ठीवर नाव होतं मिसेस तेजश्री कर्णिक, फेज टू, गुडगाव. ती आमच्यातल्या एका पोरीच्या वाट्याला आली होती. मी तिच्याकडून मागून घेतली. वाटलं, अखेर तुझं घर झालं, तू दिवाळीला आम्हाला चकित करणार असशील, त्याआधी आपणच तुला चकित करावं. आईला सांगितलं, तर ती लगेच उठली. नको नको म्हणताना ओट्याशी उभी राहून डाळी भाजल्या आणि तुझ्यासाठी मेतकूट केलं. कॉफीच्या रिकाम्या बाटलीत भरून, झाकणाखाली प्लास्टिक लावून दिलं.

धौला कुआंहून बस बदलून मी अकराला तुझ्या दारात पोचले. तुझ्या कामवालीने दार उघडलं आणि आत ओरडून सांगितलं, "डेमोवाली आ गई." हॉलमध्ये तुझ्या पाचसहा मैत्रिणी बसल्या होत्या. तू सोफ्यावरून उठलीस, हसत वळलीस आणि मला पाहिलंस. तुझं ते हसू गेलं नाही, फक्त तिथल्या तिथे थिजलं. मी 'तेजू' म्हणणार इतक्यात तू म्हणालीस,

"आइए मॅडम, किचन इस तरफ है."

किचनमध्ये आपण दोघीच असताना तू माझा हात धरलास. "ताई, प्लीज. मग सांगते सगळं." एवढं बोललीस आणि मोठ्याने, "पानी चाहिए आपको?"

मी पाणी घेतलं.

मग मी माझं काम केलं. तुझ्या मैत्रिणी कट्ट्याभोवती जमल्या. आधी पापड भाजून दाखवला, तो नेहमीच जिंकतो. मग भात लावला, ढोकळा केला. तिथे तुला तेजी म्हणतात हे मला तेव्हा कळलं. त्या गोऱ्या, जाड चष्म्याच्या मिसेस सभरवाल म्हणाल्या, "तेजी की दीदी तो न्यू जर्सी में कब से यूज़ कर रही हैं. वहाँ तो सबके पास होता है. है ना तेजी?"

"हाँ," तू म्हणालीस, "बहुत साल से."

क्षणभर मला कळेचना, कोणती दीदी. आपण तर दोघीच बहिणी. मग समजलं. मी न्यू जर्सीला राहते. माझं तिथे मोठं घर आहे, मागे झोपाळा आहे, मी दर वर्षी कोणाबरोबर तरी सामान पाठवते. ज्या काचेच्या बाऊलमध्ये मी ढोकळ्याचं पीठ ओतत होते तोही मीच पाठवलेला निघाला. हे सगळं मिसेस सभरवाल मला सांगत होत्या, कारण मी नवखी होते आणि तुझी श्रीमंती मला कळावी असं त्यांना मनापासून वाटत होतं. भली बाई आहे. तिने विचारलंही, "आप का कोई बाहर है?"

"नहीं जी," मी म्हटलं. "सब यहीं हैं."

तू तेव्हा फ्रिज उघडून काहीतरी शोधत होतीस.

मापाचे कप काढताना माझ्या पिशवीतली बाटली दिसली. मिसेस सभरवालनी झाकण उघडून वास घेतला. "ये कौन सा मसाला है? बड़ी अच्छी खुशबू है." मी तुझ्याकडे पाहिलं. बाकीचं सगळं मला समजू शकतं, तेजू. विनयरावांची परदेशी कंपनी, ती कॉलनी, तिथली उठबस. तिथे बहीण शोरूमची पिशवी घेऊन दारात उभी राहिली की अंगावर काटा येत असेल. पण त्या बाटलीबद्दल तुला बोलता आलं असतं. मला ओळख द्यायची गरज नव्हती. आमच्याकडे हे भातावर घालून खातात, एवढं पुरलं असतं.

"डेमो का कुछ होगा," तू म्हणालीस.

मी झाकण लावलं आणि बाटली पिशवीत परत ठेवली.

हात धुवायला गेले तेव्हा शेजारची खोली दिसली. तळमजल्यावर, बाथरूमला लागून, खिडकीशी कडुनिंब. फोनवर तू आईला तिची खोली म्हणून सांगतेस ती हीच असणार. त्यात व्यायामाची सायकल होती आणि सिंगापूरच्या बॅगा, विमानाच्या चिठ्ठ्या अजून लटकलेल्या. परत आले तर मैत्रिणींमध्ये गेल्या दिवाळीच्या पत्त्यांच्या पार्टीची आठवण निघाली होती, ह्याच हॉलमध्ये चाळीस माणसं होती म्हणे. गेल्या दिवाळीत तू आम्हाला सांगितलं होतंस की अजून फरशी बसायची आहे.

इशिता शाळेत होती हे बरं झालं. ती मला मावशी म्हणाली असती.

निघताना मिसेस सभरवालनी तुला हाक मारली, "तेजी, इनको कुछ दे दो, इतनी दूर से आई हैं." तू पर्स आणायला आत गेलीस ती बाहेर आलीच नाहीस. कामवालीने पन्नासची नोट आणून दिली. मी घेतली. नोट न घेणारी डेमोवाली त्यांच्या लक्षात राहिली असती.

घरी आले तर आई दाराशीच. "आवडलं का तिला?" मी म्हटलं, माझा ढोकळा होईपर्यंत तू उभ्या उभ्या चमचाभर खाल्लंस. घर कसं आहे विचारलं, तर म्हटलं, छान आहे, पण मागच्या बाजूचं काम चाललंय अजून. म्हणजे तुझ्या खोट्याला मीच टेकू दिला. का दिला, ते मला नीट सांगता येणार नाही. तुला वाचवायचं नव्हतं. आईचा चेहरा समोर होता, एवढंच. ते मेतकूट मी रोज शोरूममध्ये जेवणाच्या सुट्टीत दहीभातावर घालून खाल्लं, घरात दिसायला नको म्हणून. परवा संपलं.

मग सांगते, असं तू म्हणाली होतीस. मी दिवाळीपर्यंत वाट पाहिली. टोपली आली, त्यात चिठ्ठी नव्हती. पाडव्याचा फोन आला, तो पाण्याच्या कनेक्शनचा.

आणि आईला काही कळलं नाही असं समजू नकोस. फोन ठेवून तिने मार्चचं सांगितलं, मग माझ्याकडे वळली. म्हणाली, "पाणी नाही, तर तू ढोकळा कसा केलास गं तिथे?"

मी दिव्यात तेल घालायला उठले. तिने पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर ती जमिनीवर पाय पसरून बसली होती, पुढ्यात तिची निळी बॅग. तुझ्याकडे यायची म्हणून तिने ती गेल्या वर्षीच भरून कॉटखाली ठेवली होती, हे तुला माहीत नसेल. त्यातली पातळं तिने एकेक करून कपाटात परत लावली. इशितासाठी विणलेला स्वेटर तेवढा बाजूला ठेवला. आता तो तिला होणार नाही, म्हणाली.

तुझ्या भावोजींना मयूर विहारमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने मिळालाय. तिसरा मजला, लिफ्ट नाही. एकदा वर नेली की आईला रोज खाली आणणं होणार नाही, तिचं पार्कातलं बसणं सुटेल. तिला हे कसं सांगावं म्हणून आम्ही दोघं घुटमळत होतो. तिनेच विषय काढला. "तिसरा मजला म्हणजे ऊन चांगलं येत असेल," म्हणाली, आणि विणायला घेतलं.

जानेवारीत सामान हलवू. पत्ता खाली लिहिला आहे, तो आईसाठी. तिला भेटायला ये. ती तुला काही विचारणार नाही, घराबद्दल तर नाहीच, आणि तूही तिच्यापुढे मार्चचं नाव काढू नकोस. येताना टोपली आणू नकोस. दहा ते सहा मी घरी नसते, त्या वेळात आलीस तर तुला सोयीचं पडेल.

इशिताला माझा आशीर्वाद सांगावा की नाही ते तू ठरव.

सौ. सरला सूर्यकांत पेंडसे
फ्लॅट ३०४, पॉकेट एक,
मयूर विहार, दिल्ली