फौजी सूप आणि आक्काचं मोदकपात्र

सातारा, सोमवार, ११ ऑक्टोबर १९७६

तीर्थरूप सौ. विजयमाला आक्का हिच्या सेवेशी, धाकटा भाऊ हंबीरराव याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळं निम्माच घातला आहे, उरलेला समक्ष). तुझा गुडघा, दाजींचा खोकला आणि नवी म्हैस या तिघांची प्रकृती कशी आहे ते कळवावं. इकडं बयाआत्या ठणठणीत आहे, कान सोडून. तुझी भावजय चंद्राबाई मजेत आहे, मला सोडून.

पत्रास कारण की काल माझ्यावर घोर अन्याय झाला. काल रविवार होता, आणि रविवारी दुपारी बाराला माझ्या पानात गोळ्यांची आमटी पडते, हा या घराचा कायदा आहे. बांगलादेशाच्या लढाईतसुद्धा त्यात खंड पडला नव्हता. काल बारा वाजले, एक वाजला, आणि पानात काय पडलं? मीठ. नुसतं मीठ, कारण मीठ आधी वाढतात आणि पुढं वाढायला काही तयारच नव्हतं. या अत्याचाराचा कर्ता तुझा मुलगा आहे.

जोतीराम सिक्कीमहून रजेवर आला आणि शनिवारी आमच्याकडं उतरला. त्याला तू येऊ दिलंस, हे तुझे उपकारच. स्वतः तू तीन वर्षं आली नाहीस. तुझं मोदकपात्र मी गणपतीत नेलं, ते परत दिलं असं मी म्हणतो, दिलं नाही असं तू म्हणतेस, आणि मी औंधच्या यमाईची शपथ घेतल्यावर ‘आता त्या घरात माजा पाय न्हाई’ म्हणून जी गेलीस ती गेलीसच. तीन भाऊबिजा मी पाटावर नुसता बसून उठलो. पण तो विषय मी या पत्रात काढणार नाही.

तर जोतीराम म्हणाला, मामा, तिकडं डोंगरात आमी एक सूप पितो, लय सोपं. (आक्का, फौजेतला माणूस ज्याला सोपं म्हणतो त्यापासून लांब राहावं. ते लोक डोंगरालाही सोपा म्हणतात.) मैद्याच्या पाऱ्या लाटायच्या, आत कोबी, कांदा, आलं, लसूण भरून तोंड मिटायचं, वाफवायचं आणि लसणाच्या पाण्यात सोडायचं. झालं. मी विचारलं, फोडणी? न्हाई. हळद? न्हाई. तिखट? चिमूटभर मिरपूड. चंद्राबाईनं पदर खोचता खोचता विचारलं, “आन् आजारी कोन हाय?”

तोंड मिटायचं म्हणजे कसं, हे तो हवेत हात फिरवून दाखवत होता. पण तुझ्या भावजयीच्या बोटांना चुण्या पाडायची एकच विद्या येते, त्यामुळं बघता बघता ताटात वीस मोदक उभे राहिले. लसणाचे. बयाआत्यानं जवळ येऊन वास घेतला आणि म्हणाली, “आगं, द्येवानं सोंड कुटं लपवायची?” मग तिनं दुसरा हुकूम काढला, की मोदक केले की त्यांना बहीण पाहिजे, एक तरी करंजी झालीच पाहिजे. जोतीराम म्हणाला, “आजी, फौजेत असलं काय चालत न्हाई.” “म्हनून तर लढाया हुत्यात,” आत्या म्हणाली (आणि हिला म्हणे ऐकू येत नाही), आणि स्वतःच्या हातानं करंजी मुडपून तिनं ताटात ठेवली. मी शाळेत भूमिती शिकवतो. पण सूप, मोदक आणि करंजी यांचा एकमेकांशी संबंध काय, ही सिद्धता मला अजून सुटलेली नाही.

वाफवायला चाळण घेऊ, असं मी जरा घाईनंच सुचवलं. पातेल्यावर पिठाची चाळण ठेवली, ती कलंडली, आणि चार मोदक उकळत्या पाण्यात जाऊन त्यांची खळ झाली. तेवढ्यात बयाआत्या खणखणीत आवाजात म्हणाली, “आरं, चाळण कशाला? माळ्यावर विजीचं मोदकपात्र हाय की!”

चंद्राबाई खाली मान घालून कोबी चिरू लागली. कोबी कधीच संपला होता.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. शपथ घेतली तेव्हा ते खरोखरच सापडत नव्हतं. मला वाटलं, दिलंच असणार. पुढच्या पावसाळ्यात गळती बघायला माळ्यावर चढलो, तर जुन्या गादीच्या गुंडाळीत ते आरामात बसलेलं. शपथेआधी भांडं हरवलं तर माणूस वेंधळा ठरतो, शपथेनंतर सापडलं तर चोर. मी गादी पुन्हा गुंडाळली आणि खाली येऊन म्हणालो, गळती नाही. (गळती होती. ती अजून आहे.)

पात्र खाली आलं. चुलीवर ते मी अशा बेतानं ठेवलं, की नावाची बाजू भिंतीकडं जाईल. तुझ्या लग्नात आपल्या मामांनी टिंबाटिंबांनी कोरून घेतलेलं ‘सौ. विजयमाला’ अजून तसंच आहे. पण एका बाजूला जाळ कमी लागतोय म्हणून तुझ्या चिरंजीवांनी पात्र फिरवलं. त्यानं वाचलं. दोनदा वाचलं. आणि एवढंच म्हणाला, “मामा, अक्षर झकास हाय.” चार शिव्या दिल्या असत्या तरी मला बरं वाटलं असतं.

पुढं सूप झालं. म्हणजे मोदक त्या पाण्यात सोडले आणि एकामागून एक सोळाही जणांनी तोंड उघडलं. कोबी बाहेर, पाणी आत. आत्यानं मुडपलेली करंजी तेवढी शाबूत तरंगत होती. पातेल्यात डोकावून आत्या म्हणाली, “भाऊ समदे फुटले, बहीन हाय तशी हाय.” आपल्या भांडणाचं आत्याच्या कानावर काही गेलेलं नाही, ती सुपाबद्दलच बोलत होती. मी मात्र चूळ भरायच्या निमित्तानं परसात गेलो आणि बराच वेळ चुळा भरल्या.

परत आलो तर चंद्राबाईनं कुणाला न विचारता त्यात कांदा-लसूण चटणीची फोडणी घातली होती. तीन वाजता माझ्या पानात लालभडक आमटी पडली, त्यात कसलेतरी गोळे होते, म्हणजे कायद्यानं न्याय झाला असंच म्हणावं लागेल. करंजी जोतीरामला वाढली. ती खायचा हक्क त्याचाच. असो. दाजींना नमस्कार, म्हशीला वैरण.

तुझा,
हंबीरराव

ता. क. सुपाची कृती जोतीरामला विचारू नकोस. तो सांगेल.

आणखी एक ता. क. मोदकपात्र जोतीरामबरोबर उंब्रजला तुझ्याकडं पाठवत आहे. आज सकाळी कल्हई लावून आणली. झाकणाची मूठही बसवून घेतली आहे, जी तू दिलंस तेव्हाच हलत होती (एवढं तरी कबूल कर).

शेवटचं ता. क. भांडं रिकामं परत करू नये म्हणून आत वीस मोदक आहेत, गूळ-खोबऱ्याचे. करंजी नाही. आत्या घालत होती, मीच घालू दिली नाही. भाऊबीज तोंडावर आली आहे. बहीण इकडंच यायची आहे, ती डब्यात घालून तिकडं कशाला पाठवायची? तू आलीस की करू. शाळेत आज अर्धी रजा टाकली आहे. जोतीरामला गाडीत बसवून तसाच औंधच्या गाडीनं जातो. शपथ मी घेतली होती, नारळही मीच वाहून येतो.