कड्यानं पडलेला खड्डा

मंगळवार, संध्याकाळ

आज दादाच्या व्हिडिओ गेमच्या पेटीवरचं जुनं व्हिनाइल, म्हणजे चित्राचं चिकट प्लास्टिक, सोललं. दादा जाऊन चार महिने झाले. "नवं लाव, होटगी रोडचं गेमचं दुकान परत उघडू," हे वहिनीच म्हणाली होती. जुना गोंद थिनरनं पुसला, भोकं पुट्टीनं भरली. जॉयस्टिकच्या खाली एक खड्डा होता. दादाच्या डाव्या हातातलं स्टीलचं कडं वर्षानुवर्षं तिथंच घासायचं. व्हिनाइलखाली बारीक खडासुद्धा उठून दिसतो, म्हणून तो खड्डाही भरला. वर पॉलिश पेपर मारला, हात फिरवून बघितला आणि खूश झालो. खूश कसला झालो मी?

वहिनी चहा घेऊन आली. कप ठेवला आणि तिचा हात सरळ त्या जागी गेला. बराच वेळ चाचपत राहिली.

"हितला खड्डा कुटं गेला?"

"भरला."

"चांगलं केलंस की," म्हणाली आणि आत गेली. चहा तसाच निवला.

तो खड्डा परत कोरता येईल का? कोरला तरी तो माझा होणार, दादाचा नाही. आणि पुट्टी वाळली की दगड होते, हे सकाळी मीच तिला कौतुकानं सांगितलं होतं.