डहाळी नसलेलं दार

चिंचवड, १२ मार्च १९५७

सौ. यमुनेस आशीर्वाद.

मी ठीक आहे, जेवणाचे हाल नाहीत. पण बांधलेलं सामान सोड. कुमुदला घेऊन इकडे येऊ नकोस.

देवीची साथ ओसरली, असं मीच लिहिलं होतं. देवी आलेल्या घराला इथे कडुलिंबाची डहाळी बांधतात. देवीची लस टोचायला फिरताना मी दर आठवड्याला त्या डहाळ्या मोजून आलेख काढायचो. रेघ झरझर उतरली. चैत्रात साथ संपेल, असं गणित मांडून साहेबांना दिलं. त्यांनी पाठ थोपटली.

काल कुरुळीत मंजुळाबाईंकडे पाणी प्यायला थांबलो. दाराला डहाळी नव्हती. आत दोन नातवंडं फोडांनी भरलेली!

म्हणाल्या, "डहाळी दिसली की तुमी टोचाया येता, मग देवी कोपती. आता कोन बांधंल?"

पूर्वी डहाळी बघून शेजारी बाहेरच थांबायचे. आता थेट आत शिरतात.

आईची कंबर कशी आहे? कुमुदला टोचायला ती नको म्हणाली, म्हणून मी गप्प बसलो होतो. आता तिचं ऐकू नकोस, उद्याच पोरीला घेऊन दवाखान्यात जा. गावोगाव टोचत फिरतो मी, आणि आपल्या कुमुदचा दंड अजून कोरा आहे.

तुझा,
ज्योतीराम