तितीची काडी

४ ऑगस्ट
आमची ओरांगउटान मादी मेलूर गेली! घरट्याखाली दलदलीत पडलेली सापडली. अंगावर जखम नाही, काही नाही. तिची सहा वर्षांची लेक तिती वर फांदीला चिकटून बसलेली. माझ्यासोबत काम करणारा इलियास म्हणाला, "ताई, वर बघू नकोस." बघितलंच मी. रडलेही.

११ ऑगस्ट
यंदा अंजीर धरलेच नाहीत. सगळे ओरांगउटान चेमेंगांगच्या फळांवर जगतायत. आत तेलकट बिया, पण भोवती खाजकुइलीसारखे केस. मेलूर काडी सोलून तोंडात धरायची, फटीतून बिया उकरायची. तिती आयत्या खायची. लाडोबा नुसती! आता बोटं घालते, किंचाळते, ओठ फांदीला घासते. दुसऱ्या माद्या तिला जवळ फिरकू देत नाहीत.

१३ ऑगस्ट
तिती फार वाळलीय. मेदानच्या डॉक्टरबाई, ज्यांच्या संशोधनासाठी आम्ही जंगलात या ओरांगउटानांमागे हिंडतो, त्या म्हणाल्या, "मार्दियाना, आपण फक्त बघायचं. शिकवलंस तर माझं वीस वर्षांचं काम मातीत जाईल."
बरोबर आहे त्यांचं. पण पोर मरेल त्याचं काय?
जेवताना इलियासनं नेहमीप्रमाणे चिडवलं — "भात गारढोण आहे, ताई. चमच्यावर फुंकर कशाला?" आईकडून आलेली खोड ही माझी. काहीही हाती धरलं की आधी फुंकर, सुईवरसुद्धा.

१६ ऑगस्ट
केलं! इलियास होडीपाशी होता. पडलेली फळं उचलली, काडी सोलली, मुळावर बसून तोंडानं बिया काढून दाखवल्या. दहा फळं. तिती वरून टक लावून बघत होती.
ओठ सुजलेत. कुणाला सांगायचं नाही.

१७ ऑगस्ट
पुन्हा.

२१ ऑगस्ट
सहावा दिवस. इलियासनं माझ्या ओठांकडे पाहिलं. "मिरची जास्त झाली वाटतं?" हसला नाही. खोबरेल तेल आणून दिलं. भला माणूस.

२९ ऑगस्ट
तितीनं काडी सोलली! दोनदा मोडली. तिसऱ्यांदा बी निघालं! मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला, नाहीतर ओरडलेच असते.

३ सप्टेंबर
तितीला बघून डॉक्टरबाईंनी आनंदानं माझा हातच धरला. "बघितलंस? दर वेळी काडीवर आधी फुंकर घालते! मेलूर नव्हती घालत. कुणीच घालत नाही. नवी रीत आहे ही!" वहीत लिहिलं — उगम अज्ञात. खाली साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती.
मी पेन हातात घेतलं. सवयीनं फुंकर घातली.
बाई माझ्याकडे बघतच राहिल्या.