तंबाखूची सुट्टी

अकोला,
रविवार, जेवणं आटोपल्यावर

तीर्थस्वरूप सौ. सुभद्रामामींना दामिनीचा वाकून नमस्कार.

इकडे मी, माझा रक्तदाब आणि तुमच्या घरून आणलेला कढीपत्ता असे तिघेही ठीक आहोत. तिकडे महादेवमामांचा गुडघा, तुमची कंबर आणि नवी म्हैस यांच्या प्रकृती कशा आहेत? (मागच्या फोनवर तुम्ही म्हशीबद्दल बराच वेळ बोललात आणि मामांबद्दल एकच वाक्य, त्यावरून मामा बरे आहेत असं मी धरून चालले आहे.) घरात फोन असताना ही पोरगी पत्र काहून लिहून रायली, असं तुम्हाला वाटेल. तर मामी, फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. 'हॅलो' मी म्हणते, 'ठेवतो मंग' तुम्ही म्हणता, आणि मधलं सगळंही तुम्हीच म्हणता. व्हॉट्सअ‍ॅपवर काही लिहावं तर न वाचता अंगठा पाठवता. कागदाला मध्येच अडवता येत नाही, म्हणून हा उद्योग. आपला फ्लेक्सवाला शेखर उद्या सकाळी बाळापूरला येतोच आहे, त्याच्या हाती देते. त्याला चहा पाजा, साखर कमी.

तुम्ही गावात माझी ओळख करून देता ती मला फार आवडते. 'आमची भाची सरकारातल्या थुंकू नका म्हणायच्या खात्यात मोठी सायेब हाये.' यातलं साहेब सोडलं तर बाकी बरोबर आहे. दातांची डॉक्टर झाले तेव्हा मला वाटलं होतं की आता जन्मभर लोकांच्या दाढा काढायच्या आणि सुखाने राहायचं. पण अमरावतीच्या पहिल्या नोकरीत माझ्यासमोर बसणाऱ्यांच्या तोंडात दात हीच सगळ्यात कमी काळजीची गोष्ट असायची. गालात, जिभेखाली, ओठामागे जे दिसायचं त्याला मी चिठ्ठी लिहून नागपूरला पाठवायची. काहीजण परत येऊन भेटायचे, काहींची बायको यायची. एका पावसाळ्यात माझ्याच क्वार्टरचे टिन गळत होते आणि मी रात्रभर खाली ठेवलेला पाण्याचा गंज भरला की बदलत बसले होते, तेव्हा लक्षात आलं की दवाखान्यातही मी हेच करते आहे. वर चढून भोक बुजवायला कोणी जात नाही. म्हणून तंबाखू नियंत्रणाची जागा निघाली आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या तेव्हा मी हात वर केला. (तेव्हाच्या साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी खिशातली पुडी काढून तो तिथेच साजरा केला.)

तेव्हापासून ही गाडी चालू आहे. कार्यालयं तंबाखूमुक्त करायचा माझा पहिला ठराव एकमताने मंजूर झाला, कारण विरोध करायचा तर तोंड उघडावं लागतं आणि त्या सभेत कोणाचंच तोंड उघडण्याच्या अवस्थेत नव्हतं. मूर्तिजापूरला शाळेपासून शंभर यार्डांच्या आतली पानटपरी हटवायला मी टेप घेऊन गेले, तर टपरीवाल्याने टेपचं दुसरं टोक स्वतः धरलं, मोजमाप मनापासून केलं, आणि थोडं कमी भरल्यावर म्हणाला, 'म्याडम, शाळाच जराशी मांगं सरकवा ना.' (टपरी हलली. आता तो तिथून दूर, एसटी स्टँडजवळ बसतो आणि मला पाहिलं की अजून आदराने थुंकी गिळतो.) हसू नका मामी. इतक्या वर्षांत मी जे शिकले ते अशाच माणसांकडून शिकले. आता अमरावती विभागातल्या पाचही जिल्ह्यांचे अधिकारी माझं काम ऐकायला बोलावतात. मी कोणापुढे म्हणत नाही, पण तुमच्यापुढे म्हणते, मी माझ्या कामात चांगली आहे.

आणि तुमचं गाव हे तर माझं सगळ्यात लाडकं काम. मागच्या वर्षी तुमच्याच वावरात, निंबाखाली खाट टाकून निंदणाच्या बायांची तोंडं तपासली ते आठवतं ना? तुम्ही मोठ्याने ओरडून एकेकीला पाठवत होता. 'जा वं, जा, माझी भाची हाये, चावत नाई.' त्यात मैनाबाईच्या डाव्या गालात पांढरा चट्टा निघाला. मी तिला खरं ते सांगितलं. बाई, हा अजून आजार नाही, पण आजाराच्या दाराशी उभा आहे, तंबाखू सोडलीस तर मागे फिरेल. ती मैनाबाई, जिच्या शब्दावर तुमची सगळी टोळी चालते. तिने चंची उचलून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, 'घ्या बाप्पा, आजपासून म्या सोडली.' तिने सोडली म्हणून चतुराबाईने सोडली, चतुराबाईने सोडली म्हणून बाकीच्यांनी. तंबाखूऐवजी भाजलेली सोप, माझ्या सरकारी कागदात बडीशेप. चट्टा महिन्यामहिन्याला फिकट होत गेला. मी प्रत्येक वेळी तिच्या गालाचा फोटो काढायची आणि घरी येऊन पुन्हा पाहायची. (लोक नातवंडांचे फोटो पाहतात. माझं हे असं.)

आता मागच्या बुधवारचं सांगते. गाव तंबाखूमुक्त जाहीर करायचा फ्लेक्स तयार झाला होता, त्यावर प्रमुख पाहुण्या म्हणून तुमचा फोटो. तो फोटो पाहून शेखरने मला विचारलं होतं, मामींच्या दाढेला सूज आली होती का? मी म्हटलं, असेल. त्या भल्या माणसाने तुमचा तो गाल कॉम्प्युटरवर सपाट करून दिला. तुम्ही तंबाखू खात नाही हे मला माहीत आहे. 'मी खात नाई वं, नुसती दाढेखाली धरतो,' हे तुमचं म्हणणं मी लहानपणापासून ऐकते आहे आणि सरकारी नोकरीत असूनही त्यावर कधी आक्षेप घेतला नाही.

तर फ्लेक्स दाखवायला आणि भाषणासाठी बायांचा एक छानसा फोटो घ्यायला मी शेखरला घेऊन आले. कॅनॉलच्या रस्त्याने आलो म्हणून आधी बायाच लागल्या. कपाशीच्या पराटीच्या कडेला, बांधाच्या धुऱ्यावर सगळ्या ओळीने बसलेल्या, आणि मामी, सगळ्यांच्या डाव्या हातावर उजवा अंगठा फिरत होता. मळणं, थापटी मारणं, फुंकर घालणं, चिमूट उचलून गालात सारणं, अगदी सगळं. पाच जिल्ह्यांपुढचं भाषण, गावाचा फ्लेक्स, तुमचा सपाट गाल, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी धावत जाऊन चतुराबाईला म्हटलं, तोंड उघड. तिने उघडलं. आत सोप. दुसरीने उघडलं. सोप. तिसरीच्या तोंडात तर काहीच नव्हतं, ती नुसतीच रवंथ करत होती.

'मग हे हातावर काय मळता?' मी विचारलं.

'काईच नाई. हवा मळून रायलो,' चतुराबाई म्हणाली. 'पर तुमी हळू बोला ना बाई, मालकीणबाई पाहून रायल्या तिकून.'

मग कळलं ते असं. (तुम्हाला ठाऊक आहेच, पण माझ्या बाजूने ऐका.) आपल्याकडे निंदणाला वाकलेल्या बाईला सकाळी एकदा आणि दुपार कलल्यावर एकदा कंबर सरळ करायला मिळते, तिला आपण तंबाखूची सुट्टी म्हणतो. जिच्याजवळ तंबाखू, तिने बसावं. जिच्याजवळ नाही, तिने काम करावं. माझ्या शिबिराचं यश तुमच्या कानावर आलं तेव्हा तुम्ही धुऱ्यावर उभं राहून म्हणालात, 'तंबाखू सुटली ना? मंग तंबाखूची सुट्टी कायची?' तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. हिशेब सरळ आहे. चूक माझी आहे, म्हणजे माझ्या विद्येची. आम्ही तोंडातली तंबाखू मोजली, तिच्या आडोशाला बाई बसते हे आम्ही पाहिलंच नाही. त्या बायांनी तंबाखू परत धरली नाही मामी, ती खाण्याचं सोंग तेवढं धरलं. माझ्या नोकरीत मी तंबाखू लपवून खाणारे शेकड्याने पकडले, पण खात नसताना खाण्याचं नाटक करणाऱ्या पहिल्यांदाच पकडल्या. याला दंड कोणत्या कलमाखाली लावायचा ते मला अजून सापडलेलं नाही.

(आणि खरं सांगू? माझ्याच ऑफिसात पुरुष दिवसातून कितीदा तरी टपरीवर जाऊन येतात, आणि मला गेली कित्येक वर्षं वाटत आलं आहे की आपणही उठावं, जिन्यात नुसतं उभं राहावं. पण कोणी विचारलं, काय करताय, तर सांगायला काय आहे? हातात काही नसलं की बाईचं बसणं लोकांना आळस दिसतं.)

इथवर हसण्यासारखं आहे. पुढचं नाही. सगळ्यात शेवटी मैनाबाई बसली होती आणि ती तोंड उघडेना. मी बसले तिच्यासमोर. उघडलं तेव्हा आत खरी तंबाखू होती.

'काहून वं मैनाबाई?' मी तुमच्याच भाषेत विचारलं, दुसरी सुचली नाही.

'मंग काय करू? मालकीणबाई येते अन् म्हणते, मैना, आण वं चिमूटभर. त्याइले काय सोप देऊ?' ती म्हणाली. 'एकीच्या चंचीत तरी खरी पाहिजे ना. बाकीच्या पोरी लहान हायेत, म्या म्हटलं माझ्याच राहू द्या.'

तिला म्हटलं, मामींना द्यायची तर दे, तू का खातेस? तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी परदेशातून आले आहे. हातावर मळलेली दुसऱ्याला द्यायची आणि आपण नाही घ्यायची, म्हणजे देणाऱ्याच्या मनात काहीतरी आहे. तसं कोणी करत नाही. म्हणून तुम्ही मागता, ती मळते, तुम्ही दोघी घेता, आणि तेवढ्यावर बाकीच्या बसतात. सगळ्या टोळीची सुट्टी त्या एका गालावर चालली आहे, मामी, आणि गाल नेमका तो. मी बॅटरी लावून पाहिलं. चट्टा परत पांढरा झाला आहे आणि त्याच्या कडेला एक लाल ठिपका आहे, तो आधी नव्हता.

त्यानंतर मी तुमच्याकडे जेवायला आले. तुम्ही भाकरी, झुणका, वर लोणी वाढलंत, फ्लेक्सवरचा आपला फोटो पाहून 'गाल किती चांगला आला वं' म्हणालात आणि मामांना बोलावून दाखवलात. मला तोंड उघडवेना. (इतरांना दिवसभर उघडायला लावणारी मी.) म्हणून हे लिहिणं. तुम्ही त्यांना बसायची सुट्टी द्या. तिला कशाचंही नाव देऊ नका. पाण्याची म्हणा, कमरेची म्हणा, काहीच म्हणू नका. निंदण मागे पडणार नाही, कारण त्या आताही बसतातच, वर हवा मळायची मेहनत करतात. आणि मैनाबाईकडे चिमूट मागू नका. एवढंच मागणं. तुम्ही विचार करा, मामांशी बोला, मग सवडीने कळवा. मी घाई करत नाही.

मामांना नमस्कार, म्हशीच्या पाठीवरून हात.

तुमची,
दामिनी

ता. क. सवडीने कळवा असं वर लिहिलं ते रीत म्हणून. तुमच्याकडून निघताना मी धुऱ्यावरून गेले आणि बायांना सांगून टाकलं की मालकीणबाईंनी सोमवारपासून दोन वेळा बसायची सुट्टी दिली आहे, तंबाखू असो नसो. त्यांनी तुम्हाला इतके आशीर्वाद दिले की मला ते मधल्या मध्ये ठेवून घेता येईनात. शेखर पत्र देईल तेव्हा त्या बसलेल्याच असतील. बाहेर येऊन पाहा. हात मांडीवर असतील. ओरडू नका, तुम्हीच दिली आहे.

आणखी एक. हे वर लिहायला हवं होतं, पण वर हात चालला नाही. येत्या गुरुवारी मैनाबाईला घेऊन अकोल्याला या. त्या लाल ठिपक्याचा छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवायचा आहे. आता कळलं तर पुष्कळ काही करता येतं, दिवाळीनंतर कळलं तर मला पुन्हा चिठ्ठी लिहावी लागेल, आणि तिच्या नावाची चिठ्ठी मला लिहायची नाही. ती म्हणते चाकू लागला की आजार पसरते. मी समजावते तेव्हा ती मला चहा पाजते. तुम्ही रागावता तेव्हा ती ऐकते. तेव्हा रागवा, आणि घेऊन या.

सकाळची पहिली बस धरा. माझ्या खोलीत तपासायची खुर्ची एकच असते, त्या दिवसापुरती शेजारची दुसरी मागवून ठेवली आहे. पहिलीवर तुम्ही बसा, म्हणजे ती बसेल. चूळ भरून या.