दुसरी थाप

हार्लन मिल, जॉर्जिया
सोमवार, १ जुलै

प्रिय लाइल,

नाताळ सोडून भलत्याच वेळी माझं पत्र बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगतो, इकडे सगळे धडधाकट आहेत. नॉर्मा मला मीठ आणि लोणी दोन्हीपासून लांब ठेवते आहे. गुडघा स्टँडच्या पायऱ्या चढायला तयार नसतो, तेव्हा मी आता बेसबॉलच्या मैदानावर होम प्लेटमागच्या जाळीला लागून घडीची खुर्ची टाकतो. क्लबांसाठी पोरं हेरणारे बाकीचे स्काउट माझ्या नातवाच्या वयाचे. मी स्टॉपवॉच बाहेर काढलं की खिशातून कोंबडी काढल्यासारखे बघतात. तुझं कार्ड अजून फ्रिजवरच आहे. गवत कापायच्या यंत्रांच्या दुरुस्तीचं दुकान बरं चाललंय हे वाचून आनंद झाला, आणि तुझी मुलगीही तुझ्यासारखी दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या जागेवर, शॉर्टस्टॉपच खेळायचा हट्ट धरून बसली आहे हे वाचून हसू आलं. कार्डाच्या शेवटी दरवर्षीचं वाक्य होतंच: माझ्यावर विश्वास ठेवणारे तुम्ही एकटेच, मिस्टर वेंडेल. नॉर्माने ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, याचं अक्षर बघ किती सुधारलंय. मी कॉफी आणायला उठलो.

तुला एका पोराबद्दल सांगायचंय. डेरियन मोब्ली, वय सतरा, शॉर्टस्टॉप. बाप कर्टिस लाकडाचा ट्रक चालवतो, आई रेनिटा शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करते. तीन वर्षांपूर्वी मी इथल्या शाळेच्या मैदानावर चेंडू टाकणाऱ्या एका पिचरला बघायला आलो होतो. पिचर यथातथाच निघाला. पण शॉर्टस्टॉपच्या जागी एक हडकुळं पोर उभं होतं, पायात बापाचे वाटावेत एवढे बूट. उजवीकडे खोलवर धावत जाऊन त्याने उलट्या हाताने चेंडू उचलला आणि पहिल्या बेसकडे फेकला, तर तो वाटेत दोनदा उसळला. सगळे हसले. मी वहीत नाव लिहिलं, कारण चेंडूपर्यंत तो ज्या पायांनी पोचला होता ते पाय शिकवून येत नाहीत. मग आपल्या नेहमीच्या उद्योगाला लागलो, म्हणजे पोराला सोडून आईबापाकडे बघत बसलो. पोरगं किती वाढेल ते बापाच्या खांद्यांवरून आणि आईच्या मनगटांवरून कळतं. तुझ्या घरी आलो होतो तेव्हा मी तुझ्या आईच्या हातांकडे इतका वेळ बघत होतो की तुझ्या वडिलांनी विचारलं होतं, साहेब, सही पोराची घ्यायला आलात की बायकोची?

त्यानंतर दर वसंतात मी पाच-सहा वेळा इकडे येत राहिलो. दुसऱ्या वर्षी पोराचे खांदे भरले आणि तीच लांबची फेक एका उसळीत पोचू लागली. मी वहीत फेकीपुढे चाळीसच्या जागी पन्नास गुण केले. गेल्या वर्षी बुटांना शोभेल एवढा तो स्वतः झाला. चेंडू जमिनीवरून कसा येणार हे त्याला बॅटच्या आवाजावरूनच कळायचं. बाकीची पोरं हलायच्या आत हा वाट अडवून उभा असायचा. ग्लोव्हमध्ये चेंडू असा विसावायचा की धूळही उडायची नाही. आणि यंदा मार्चमध्ये त्याच खोल जागेतून त्याने असा चेंडू फेकला की पहिल्या बेसवरच्या पोराने ग्लोव्ह काढून हात झटकला. मी फेकीपुढे साठ लिहिलं. आपल्या ऐंशीपर्यंतच्या आकड्यांत शाळकरी पोराला साठ देताना माझा हात किती आखडतो ते तुला ठाऊक आहे. इतक्या वर्षांत चौघांना दिले, त्यातला पहिला तू.

मग मे महिना उजाडला. चेंडू हाती आला की फेकण्याआधी तो ग्लोव्हमध्ये एकदा थोपटायचा, ही शॉर्टस्टॉपची सवय मी तुला सांगायला नको. डेरियन एकदाच थोपटायचा. मेमध्ये दुसरी थाप आली. ठप, ठप, मग फेक. धावणारा तरीही बाद व्हायचा, अर्ध्या पावलाने. जाळीपाशी बसलेले सगळे खूश. पोराच्या अंगात घड्याळ आहे म्हणाले, हाताशी किती वेळ आहे ते बरोबर ओळखतो, उगाच घाई करत नाही. सगळ्यांनी तसंच लिहून घेतलं. ही चूक आपल्याच धंद्यातला माणूस करू जाणे. रस्त्यावरच्या कुणालाही आणून बसवलं असतं तर त्याने विचारलं असतं, हा पोरगा थांबतोय कशाला? मी सामन्यातल्या फेकी बघणं सोडून दिलं आणि डावांच्या मधल्या वेळात बघू लागलो, कारण तेव्हा कुणीच बघत नसतं. सरावाचा चेंडू आला की डेरियन तो खालूनच हळू परत टाकायचा, नाहीतर दुसऱ्या बेसवाल्याच्या हातात नेऊन द्यायचा. पोरगा फेकी साठवत होता.

जूनमध्ये त्यांच्या घरी जेवायला गेलो. तळलेला कॅटफिश, भेंडी, मक्याचा ब्रेड. तिथे नॉर्मा नव्हती, तेव्हा लोणीही खाल्लं. एरवी उजव्या हाताने फेकणाऱ्या डेरियनने गोड चहाचा जड जग डाव्या हाताने उचलला. मीठही डाव्याने पुढे केलं. अंगणात कुत्र्याला चेंडू टाकला तोही डाव्यानेच, आणि कुत्रं बिचारं भलतीकडेच धावलं. कर्टिस हसला. रेनिटा हसली नाही. तिने आधी पोराच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग भांडी आवरायला लागली.

परत येऊन मी अहवाल लिहिला आणि या वेळी खरा लिहिला. फेक आज साठ दिसते, पण कोपर दुखरं आहे. आणखी खेळवण्याआधी डॉक्टरला दाखवा. आमचा नवा साहेब ट्रेंट, तिशीचा आहे, त्याचा लगेच फोन. तो स्वतः एक दिवस येऊन तीन फेकी बघून गेला होता आणि तिन्ही चाबकासारख्या गेल्या होत्या. म्हणाला, वेंडेल, चष्मा बदला आता. मी म्हटलं, परवाच बदललाय, म्हणून तर दिसतंय. मग तो जरा मऊ झाला. हे बघा, म्हणाला, आपण त्याला निवडलंच तर सहीच्या आधी डॉक्टर तपासतीलच, तोवर त्याने खेळावं की नाही हे सांगणं आपलं काम नाही. त्याचं चुकलं असंही मला म्हणता येत नाही. पण ड्राफ्ट, म्हणजे क्लब पोरं निवडून पैसे मोजतात तो दिवस, पुढच्या सोमवारी आहे, आणि त्याआधी, या शनिवारी-रविवारी, अटलांटाला सगळ्या क्लबांसमोर चार सामने आहेत. चार सामने म्हणजे लांबच्या तीस-चाळीस फेकी तरी होणार. ते कोपर तेवढ्या सोसणार नाही.

मग कर्टिसला गाठलं. तो ट्रकवरच्या लाकडांचे पट्टे आवळत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, हात मात्र थांबवले नाहीत. मी सांगितलं की सतराव्या वर्षी कोपर ऑपरेशनने जोडून घेता येतं, विद्यापीठाने त्याची जागा धरून ठेवली आहे, वर्षभर हात शांत ठेवला तर तीन वर्षांनी पुन्हा ड्राफ्ट आहेच. तो म्हणाला, साहेब, तुमचं काम बघायचं, तुम्ही बघा. वीस वर्षं मी लाकडं ओढतोय, माझी पाठ दुखते का म्हणून विचारायला कुणी आलं नाही. आणि तीन वर्षांनी त्या खुर्चीत तुम्ही असाल कशावरून? वयाचा हिशेब त्याचा बरोबरच होता.

डेरियन पार्किंगमध्ये भेटला. इतका गुणी पोरगा की त्याच्यावर ओरडवत नाही. हो सर, थोडं दुखतं सर, बर्फ लावतो सर. मग बुटांकडे बघत म्हणाला, फक्त रविवारपर्यंत टिकू दे सर, पुढे तुटला तर तुटला. मी जे जे सांगितलं त्याला त्याने हो सर म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सरावाला गेला. मनात म्हणत असेल, या म्हाताऱ्याने कधी चेंडू फेकलाय? खरंच आहे, मी शाळेतसुद्धा राखीव बाकावरच बसायचो. लाइल, लोकांच्या पोरांची भाकितं करण्यात माझा जन्म गेला, पण एवढा हतबल मी कधी झालो नव्हतो. डोळ्यांदेखत सगळं होतंय आणि माझ्या हातात एक स्टॉपवॉच आहे.

काल चर्च सुटल्यावर रेनिटा माझ्या गाडीपाशी आली. हातात फॉइलने झाकलेला पीचचा गोड कॉबलर. म्हणाली, त्याच्या हाताबद्दल तुम्ही साहेबाशी बोललात, बापाशी बोललात, त्याच्याशी बोललात, माझ्याशी बोलायचं कुणाला सुचलं नाही. बरं, असू दे. तो माझं ऐकायचा नाही आणि तुमचंही नाही. त्याला सांगणारा शॉर्टस्टॉपच पाहिजे. तुम्ही निवडलेल्यांपैकी कुणाचा हात गेला का? मी म्हटलं, एकाचा. मग द्या त्याचा नंबर, ती म्हणाली. तुझा नंबर मला पाठ आहे. तरी मी म्हटलं, आधी त्याला विचारून घेतो. ती म्हणाली, त्यात विचारायचं काय एवढं? भला माणूस असेल तर करेल फोन. कॉबलर अजून गाडीतच आहे. घरात न्यायचं मन होत नाही.

विचारायचं काय एवढं, ते आता सांगतो. फोनवर हे माझ्याच्याने बोलवलं नसतं. तू सगळ्यांना सांगतोस की तुझं कोपर क्लबमध्ये दुसऱ्या वर्षी, एप्रिलच्या थंडीत, एका फेकीत गेलं, आणि मी सव्वीस वर्षं मान डोलावत आलो. लाइल, ते आधीच गेलेलं होतं आणि मला ते माहीत होतं. शाळेच्या शेवटच्या महिन्यात तूही दोनदा थोपटायचास. डावांच्या मधे तूही चेंडू खालून टाकायचास. त्या काळी डॉक्टरने कोपर वाकवून दाखव म्हटलं, तू वाकवून दाखवलंस, तपासणी संपली. मी तोंड उघडलं असतं तर ते जोडून घ्यायला वेळ होता. पण मला माझा पहिला शॉर्टस्टॉप हवा होता, म्हणून मी लिहिलं: फेक साठ, हात निर्दोष, अंगात घड्याळ आहे. चेंडूला थाप तू मारत होतास, कागदावर मी मारली. सही झाल्यावर तू मला मिठी मारलीस ती एकाच हाताने, डाव्या, आणि तेही मी पाहिलं. आज तुझा उजवा हात सरळ होत नाही आणि त्या उरलेल्या हाताने तू दर नाताळात माझे आभार मानतोस. रेनिटाचा नंबर पानामागे लिहिला आहे. शुक्रवारच्या आत फोन केलास तर पोरगा अजून घरी असेल. त्याला उपदेश नको करू, तू दाढी कुठल्या हाताने करतोस तेवढंच सांग. माझ्यासाठी करू नकोस, आणि मला शिव्या घालायच्या असतील तर त्या मागाहून घाल, आधी तिला फोन कर. या नाताळात कार्ड आलं नाही तर नॉर्माला काय सांगायचं ते माझं मी बघेन.

तुझाच, अजून म्हणू देशील तर,
वेंडेल पर्विस