ताईचा बोर्ड

ता. ९ जुलै

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. बाबांच्या गळ्याच्या ऑपरेशनची जखम भरत आली आहे. आईची झोपही आता जरा सुधारली आहे.

तू बाबांसाठी बनवून कॉम्प्युटरमध्ये बसवलेला बोलका बोर्ड पुन्हा चालू झाला. त्यांनी टाइप केलं की आपला जुना कॉम्प्युटर बोलतो. पत्र इथेच संपवावं असं फार वाटतंय.

तो बंद पडला तेव्हा मी फोनवर तुला काय काय बोललो! "जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग करून केलेली वस्तू, दुसरं काय होणार?" तू एवढंच विचारलंस, "त्यात नवीन काही बसवलंयस का?" मी "नाही" म्हणालो आणि फोन ठेवला.

मग तुझ्या चुका शोधत बसलो. भिंगातून एकेक जोड पाहिला, कडेचे संपर्क खोडरबराने घासले, चिप काढून परत बसवली, व्होल्टेज मोजलं. सगळं चोख. तोवर बाबा पाटीवर लिहून बोलत होते. आई स्वयंपाकघरात असली की ताटलीवर चमचा वाजवून तिला बोलवायचे. तो आवाज कानावर पडायचा, तरी मी तुला फोन केला नाही.

शेवटी माझं मोडेम कार्ड काढलं. हो, बसवलं होतं. ऑफिसचं काम घरून करता यावं म्हणून. ते काढताच तुझा बोर्ड बोलला. दोन्हींचा पत्ता एकच होता. कॉम्प्युटरने हाक मारली की दोघंही एकदम ओ द्यायची. माझ्या कार्डावरची जम्परची चिमुकली टोपी दुसऱ्या पिनांवर बसवून त्याचा पत्ता बदलला, झालं.

बाबांनी लगेच टाइप केलं. तुझ्या बोर्डाचा तो नाकातला आवाज म्हणाला, "शाबास. पोरीचं काम कच्चं होतं, तू निस्तरलंस."

आई माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "असू दे बाबा, शिकेल ती."

ताई, असं म्हणालो मी.

तेव्हापासून तो आवाज आला की मला खोलीत थांबवत नाही. म्हणून आज हे पत्र टाकण्याआधी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला. मग मशीन म्हणालं, "खाली माझंही लिही. तिला काही न विचारताच मी तिचं काम कच्चं मानलं."

लिहिलं. आई म्हणते, आता तरी फोन कर. पण तू उचललास तर पहिला शब्द कोणता बोलू, तेच कळत नाही.

तुझ्याचकडून सोल्डरिंग शिकलेला,
धाकटा